गालिनी पाणबुडी आणि हरवलेला क्रूस

मित्रांनो, मी एक जुनी पाणबुडी आहे. माझे नाव गालिनी. आमच्या ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ शांत समुद्र असा होतो. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांची कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती आणि समुद्रापासून बरीच लांब होती.

इतर जहाजे आयुष्यात एकदाच बुडतात आणि त्याची केवढी चर्चा होते. आम्ही रोज बुडतो. सकाळी बुडायचे, जेवणाच्या वेळेला वर यायचे, पुन्हा बुडायचे, आणि संध्याकाळी धक्क्याला लागून कोणी कौतुकाचा शब्द बोलते का याची वाट पाहायची. बुडण्याचे मला स्वतःला कधी विशेष वाटले नाही. ते दगडालाही जमते.

माझा जन्म फ्रान्समध्ये एका नदीकाठी झाला. त्या काळी दोन महायुद्धांच्या मधली शांतता चालू होती. ती मधली आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. कारागिरांनी पत्रे वाकवले, रिव्हेट ठोकले आणि माझ्या अंगावर दोन कातडी चढवली. आतले कातडे जाड, त्यात माणसे राहतात. बाहेरचे पातळ आणि जागोजाग भोके असलेले. त्यातून समुद्र आपल्या मर्जीने येतो-जातो. या दोन कातड्यांच्या मधल्या पोकळीत नळ असतात आणि गंज असतो. आणखी काही असू नये, असा नियम आहे.

मी सालामिसच्या नौदल तळावर आले तेव्हा एक अडचण निघाली. माझ्या प्रत्येक झडपेवर फ्रेंच भाषेत नाव कोरलेले होते आणि ते आमच्या खलाशांना वाचता येत नव्हते. तेव्हा आमच्या स्त्रातिस मिस्त्रींनी झडपांना आपल्या गावातल्या माणसांची नावे दिली. उघडायला फार वेळ घेणारी झडप म्हणजे वकील. सतत फुसफुसणारी म्हणजे धाकटी आत्या. कधी चालेल याचा भरवसा नाही तो पोस्टमन. त्यामुळे माझ्या पोटात हुकूम असे सुटत: "वकील उघडा. आत्याला अर्धी बंद करा. पोस्टमनला हात लावू नका, तो आज बिघडलाय." एकदा एक मंत्री पाहणीला आले होते. वकील उघडा म्हटल्यावर त्यांनी अदबीने टोपी काढली.

सुरुवातीची वर्षे कौतुकात गेली. माझी छायाचित्रे निघाली, माझ्यासमोर बँड वाजला. मग नव्याची नवलाई संपली. माझ्या मागच्या टाकीला बारीक गळती लागली, त्यामुळे धक्क्याला उभी असताना मी जरा खालीच बसू लागले. डेकवरच्या पत्र्याच्या पात्यांचे बोल्ट गंजू लागले. स्त्रातिस मिस्त्री दर वेळी गोदीत जाऊन सांगत आणि दर वेळी उत्तर येई, "नंतर बघू." मला पुष्कळ दिवस असे वाटत होते की नंतर हे एखाद्या महिन्याचे नाव असावे, डिसेंबरनंतर येणाऱ्या.

तर अशा अवस्थेत मला अल्मिरा बेटावर पाठवण्यात आले. निमित्त होते पाण्याच्या आशीर्वादाच्या सणाचे.

अल्मिरा हे समुद्राच्या तळाचा स्पंज काढणाऱ्यांचे आणि कोळ्यांचे बेट. तिथे नाताळपासून या सणापर्यंत एकही होडी दोर सोडत नाही, कारण तेवढे दिवस पाणी बंद असते. ते खालच्या वाईट शक्तींच्या ताब्यात असते, असे म्हणतात. सणाच्या दिवशी धर्मगुरू समुद्रात चांदीचा क्रूस टाकतात, तरुण पोरे गारठलेल्या पाण्यात उड्या मारतात, आणि कोणीतरी तो वर आणला की पाणी उघडते. ज्याच्या हाताला क्रूस लागेल त्याचे वर्ष सोन्याचे. त्याला तो क्रूस तबकात घेऊन घरोघर फिरवतात आणि दारादारात त्याच्यावर गुलाबपाणी शिंपडतात.

दर वर्षी क्रूस धक्क्यावरून टाकत. त्या वर्षी नगराध्यक्षांना वाटले की तो माझ्या डेकवरून टाकावा, म्हणजे छायाचित्रात नौदलही येईल. धर्मगुरू लुकास, लोकांच्या बोलण्यात पापा-लुकास, यांना हे फारसे रुचले नाही.

"ही खाली जाणारी वस्तू आहे," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "हिच्यावर उभं राहून आशीर्वाद द्यायचा म्हणजे काहीतरीच."

"पापा, ती आज खाली जाणार नाही," नगराध्यक्ष म्हणाले. "मी कप्तानांशी बोललोय."

आमचे कप्तान फोकास यांनी मान डोलावली. ते सभ्य गृहस्थ होते. त्यांना कोणालाच नाही म्हणता येत नसे. युद्धनौकेवरच्या माणसात हा गुण तसा विरळाच.

पापा-लुकास माझ्या डेकवर उभे राहिले. एका हातात निळ्या फितीचा क्रूस, दुसऱ्या हातात तुळशीसारख्या पानांची जुडी, आणि शेजारच्या कठड्यावर पवित्र पाण्याचा तांब्या. त्यांनी हात उगारला. नेमका तेव्हाच वारा आला आणि त्यांच्या झग्याची रुंद बाही तांब्यात अडकली. तांब्या उडून धप्पकन पाण्यात पडला. क्रूस हातातून सुटला, माझ्या गोलसर अंगावरून घसरला, आणि पाण्याच्या रेषेखालच्या एका भोकातून थेट माझ्या दोन कातड्यांच्या मध्ये गेला. तिथे त्याची फीत एका नळाला अडकली आणि तो लोंबकळत राहिला.

सगळ्या गावाने फक्त धप्प ऐकले. पोरांनी तिकडे उड्या मारल्या. सगळ्यात आधी वर आला सारांदिस. वीस-एकवीस वर्षांचा स्पंजवाला, पाच पुरुष खोल पाण्यात सहज उतरणारा. त्याने विजयाने हात उंच केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या हळूहळू थांबल्या. त्याच्या हातात तांब्या होता.

"सारांदिस," धक्क्यावरून कोणीतरी म्हणाले, "आता यात पाणी भरून आण."

लोक हसले, आणि मग हसता हसता गप्प झाले. बाकीची पोरे रिकाम्या हातांनी वर येत होती.

मित्रांनो, क्रूस कुठे आहे हे सबंध बेटावर एकालाच माहीत होते, आणि ती मी होते. मला सांगता येत नव्हते.

त्या दिवसापासून अल्मिराचे पाणी बंद राहिले. होड्या धक्क्याला बांधलेल्या, जाळी घडी घातलेली, बाजारात फक्त कांदे आणि मतभेद. कोणी म्हणाले वर्ष बुडाले. कोणी म्हणाले पापा-लुकासांनी नवा क्रूस टाकावा. पापा-लुकास म्हणाले, "जुना खाली पडलेला असताना नवा टाकायचा? देवाला फसवायचं? तो वर आल्याशिवाय पाणी उघडत नाही."

सारांदिसला लोक तांब्या म्हणू लागले. "काय तांब्या, आज काय मिळालं? पातेलं?" ज्या होडीवर तो दर वर्षी जात असे तिच्या मालकाने त्याला सांगितले, "वाईट वाटून घेऊ नकोस, पण यंदा दुसरीकडे बघ. माझी पोरं घाबरतात." दुसऱ्या दिवशी सकाळी सारांदिस कपडे काढून धक्क्यावर आला आणि क्रूस शोधायला पाण्यात उतरला. त्याच्या पुढच्या दिवशीही. मग रोज.

जानेवारीचे पाणी होते. तो वर येई तेव्हा त्याचे ओठ निळे असत. धक्क्यावरचे लोक विचारत, "सापडला?" तो मान हलवी आणि पुन्हा खाली जाई. त्याची आई व्हासिलो धक्क्यावर घोंगडी घेऊन बसे. काळा पोशाख, काळा रुमाल. तिचा नवरा स्पंज काढतानाच गेलेला. ती कोणाशी बोलत नसे. फक्त पोरगा वर आला की डोके मोजावे तसे एकदा बघून घेई.

चौथ्या का पाचव्या दिवशी सारांदिसच्या डाव्या कानातून रक्त आले.

"आई, खाली काहीतरी वाजतं," तो म्हणाला. "टण् असं. थांबून थांबून."

"कान फुटलाय तुझा, वाजणारच," शेजारचा एक म्हातारा म्हणाला. "माझा तर कान फुटल्यापासून रविवारी घंटा वाजते."

मी जिवाच्या आकांताने टण् करत होते. लाट आली की क्रूस नळावर आपटे. त्यापलीकडे मला काही करता येत नव्हते. सारांदिस माझ्या पोटाखालून जाई, वाळू उपसे, शेवाळ बाजूला करी. क्रूस त्याच्या डोक्यावर दोन हातांवर होता.

इकडे होड्या बंद असल्याने बेटावरचे पीठ संपत आले. नगराध्यक्षांनी कप्तान फोकासना विचारले की आपण तेवढे आणून द्याल का. कप्तानांना नाही म्हणता आले नाही. अशा रीतीने ग्रीक नौदलाची एक पाणबुडी मुख्य भूमीवर जाऊन पिठाची पोती घेऊन आली. पोत्यांबरोबर एक बकरीही होती. ती नगराध्यक्षांच्या बहिणीने दुधासाठी पाठवली होती आणि तिला टॉर्पेडोच्या खोलीत बांधण्यात आले. तिने एक टॉर्पेडो चाटून पाहिला आणि तो नापसंत केला.

परतताना वारा वाढला. पीठ भिजू नये म्हणून कप्तानांनी मला पाण्याखाली घेतले. इंजिने बंद झाली, विजेच्या मोटारी हळू फिरू लागल्या, आणि माझ्या पोटात एकदम शांतता पसरली. त्या शांततेत सगळ्यांनी ते ऐकले.

टण्.

"बकरीची घंटा," कप्तान म्हणाले.

घंटेत चिंधी कोंबली. टण्. स्वयंपाक्याचे डाव पोत्यात गुंडाळले. टण्. एका खलाशाच्या हातातली मण्यांची माळ काढून घेतली, तेव्हा तो मोटारीपेक्षा जास्त आवाज करू लागला म्हणून परत दिली. टण्.

"साहेब, बाहेरच्या कातड्यात आहे," स्त्रातिस मिस्त्री म्हणाले. "नळ सुटला असणार. पाती उघडून बघावं लागेल."

"पाती गंजलीत ना?"

"गंजलीत."

"मग सालामिसला गेलो की. नंतर बघू."

मिस्त्रींनी छताकडे पाहिले. बकरीने पण पाहिले. मी पुन्हा एकदा टण् केले, पण त्यात आता जोर नव्हता.

बेटावर पोचलो. पीठ उतरवताना खलाशी धक्क्यावर कॉफी पीत त्या आवाजाबद्दल कुरकुरत होते. स्वयंपाकी म्हणत होता, डाव गुंडाळल्यामुळे त्याची अब्रू गेली. व्हासिलो नेहमीच्या जागी बसली होती. सारांदिस पाण्यात होता. तिने खलाशांचे बोलणे ऐकले, मग पाण्याकडे बघितले, मग माझ्याकडे. घोंगडी खांद्यावर टाकून ती उठली आणि सरळ माझ्या डेकवर टाकलेल्या फळीवर चढली.

कप्तान पुढे आले. "मावशी, क्षमा करा, ही युद्धनौका आहे. बायकांना वर यायची परवानगी नाही."

"बकरी चालते, मी चालत नाही?"

कप्तान बाजूला सरकले.

"कुठं वाजतं ते दाखवा," ती म्हणाली. मिस्त्रींनी जागा दाखवली. ती गुडघ्यावर बसली, माझ्या डेकला कान लावला आणि डोळे मिटले. एक लाट आली. तिने डोळे उघडले. "माझा पोरगा इतके दिवस हेच सांगतोय. उघडा हे."

मिस्त्रींनी पाना लावला. बोल्ट जागचा हलला नाही. दुसरा लावला, त्याचे डोकेच तुटून आले. एव्हाना सारांदिस वर आला होता. पापा-लुकासही आले, सगळा धक्का भरला. सारांदिसला खुणांनी समजावावे लागले, कारण त्याला आता नीट ऐकू येत नव्हते. समजले तेव्हा तो पहिल्यांदाच हसला.

"भोकातून हात घालून काढतो," तो म्हणाला. "एवढंच ना."

"घोंगडी घे आणि बस," व्हासिलो म्हणाली. "पाती तुटतील तेव्हा तुटतील."

"आई, एकदाच."

तिने धक्क्यावरच्या माणसांकडे पाहिले. कोणीही थांब म्हणाले नाही. तेव्हा तिने एक दोर उचलला, त्याच्या कमरेला बांधला आणि दुसरे टोक आपल्या मनगटाला गुंडाळले. "आठ दिवसांत हे कोणाला सुचलं नाही," ती कोणालाही न उद्देशून म्हणाली.

सारांदिस खाली गेला. त्याचा हात माझ्या भोकातून आत आला, खांद्यापर्यंत. बोटांनी चाचपले, फीत लागली, मग क्रूस. त्याने मूठ आवळली, फितीला हिसका दिला आणि हात मागे ओढला. आणि हात अडकला. रिकामा हात त्या भोकातून येत-जात होता. क्रूस धरलेली मूठ येत नव्हती.

त्याने ओढले. पुन्हा ओढले. त्याला मूठ सोडता आली असती. मला त्याची नाडी माझ्या पत्र्यावर लागत होती आणि मला कळत होते की तो सोडणार नाही. आठ दिवस तांब्या ऐकलेला माणूस क्रूस सोडत नाही.

वर दोर थरथरला. व्हासिलोने ओढला, तो आला नाही. "अडकलाय," ती म्हणाली.

पापा-लुकास फळीवरून धावत आले, माझ्या कडेला झोपले आणि पाण्यात तोंड घालून ओरडले, "सोड तो! सारांदिस, सोड रे बाळा, क्रूस सोड!" बुडबुडे आले. खाली काही ऐकू गेले नाही. त्यांची दाढी भिजली, ते पुन्हा ओरडले. ज्यांनी आठ दिवस क्रूस वर आलाच पाहिजे म्हटले होते, ते आता पाण्याला विनवत होते की राहू दे, राहू दे.

तेव्हा कप्तान फोकास यांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणालाही न विचारता हुकूम दिला. "टाक्या रिकाम्या करा. वर घ्या हिला."

मिस्त्री शिडीवरून घसरतच आत गेले. "वकील! सगळेजण वकिलावर या!"

मित्रांनो, वकिलाने उघडायला कधी घाई केली नव्हती. त्या दिवशी चार जणांनी मिळून त्याला फिरवले तेव्हा तो एवढा किंचाळला की बकरी बसली. दाबलेली हवा माझ्या टाक्यांत शिरली. पाणी खाली ढकलले जाऊ लागले. मागची टाकी गळत होती, मी वाकडी झाले, पण थांबले नाही. आयुष्यभर मी खोल खोल गेले आणि तिथून वर आले. त्याबद्दल पदकेही मिळाली. पण हातभर वर येण्यासाठी मला एवढा जोर कधी लावावा लागला नव्हता.

मी हातभर वर आले. माझ्या कडेला लोंबकळत सारांदिसचे डोके पाण्याबाहेर आले. तो खोकला, त्याने श्वास घेतला, मग समोर पापा-लुकासांचा भिजलेला चेहरा पाहिला. पापांनी आपली मूठ त्याच्या डोळ्यांसमोर धरली आणि उघडून दाखवली. सारांदिसने बराच वेळ त्या रिकाम्या तळव्याकडे बघितले. मग त्याने मूठ सोडली. हात सुटला. आत क्रूस टण् करून पुन्हा लोंबकळू लागला.

व्हासिलोने त्याला ओढून घेतले, एक थोबाडीत मारली आणि घोंगडीत गुंडाळले. थोबाडीत मारायचे काम आधी झाले.

क्रूस कोणीही काढायला गेले नाही. सगळ्यांनी आधी कॉफी घेतली. मग मिस्त्रींनी छिन्नी-हातोड्याने बोल्ट तोडले, पाते उचलले आणि क्रूस काढून पापांच्या हातात दिला, त्याबरोबर तिथे राहणारा एक ऑक्टोपसही निघाला. तो स्वयंपाक्याने ठेवून घेतला.

आता प्रश्न असा आला की क्रूस जिंकला कोणी. नगराध्यक्ष म्हणाले मिस्त्रींनी. मिस्त्री म्हणाले मला यात ओढू नका. पापा-लुकास दाढी पिळत म्हणाले, "क्रूस पाण्याखाली होता. पाणबुडी वर आली तेव्हा तो पाण्यावर आला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पाणी तेव्हाच उघडलं, हिच्यामुळे. पण हाताला लागला तो सारांदिसच्या."

"मग तबक घेऊन दोघांनी घरोघर फिरायला हवं," कोणीतरी म्हणाले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

मला फिरता येत नसल्यामुळे घरे माझ्याकडे आली. घोंगडी पांघरलेला सारांदिस तबक घेऊन माझ्या डेकवर बसला आणि अल्मिरातल्या एकेका घरची बाई फळीवरून येऊन त्याच्यावर आणि माझ्यावर गुलाबपाणी शिंपडून गेली. ज्या होडीवाल्याने त्याला नाही म्हटले होते तोही आला. "स्पंज काढायला ईस्टरनंतर निघतोय," तो सारांदिसच्या चांगल्या कानात म्हणाला. "पण तू होडीवर राहायचं, दोर धरायला. खाली नाही." सारांदिसने मान हलवली. त्याचा डावा कान परत आला नाही. तांब्या हे नावही गेले नाही; लहान बेटावर टोपणनाव रंगापेक्षा पक्के बसते. पुढच्या वर्षापासून पापा-लुकास क्रुसाला लांब दोरी बांधून टाकू लागले, आणि वारा फार असला तर स्वतःच ओढून घेऊ लागले.

सगळ्यात शेवटी व्हासिलो आली. तिने गुलाबपाणी शिंपडले नाही. माझ्या पत्र्यावर तळवा ठेवून ती म्हणाली, "एवढं माहीत होतं, तर जरा मोठ्यानं वाजायचंस, बाई." संध्याकाळी कोळ्यांच्या होड्या सुटल्या.

आता मी सालामिसच्या एका कोपऱ्यात बांधलेली आहे. माझ्या बॅटऱ्या काढून नेल्या आहेत. स्त्रातिस मिस्त्री निवृत्त झाले, आणि वकील, आत्या, पोस्टमन यांना कोणी ओळखत नाही, कोणी फिरवत नाही. माझी तक्रार नाही. एवढीच विनंती आहे. वस्तू बोलत नाहीत, त्या वाजतात. तुमच्याकडे काही वाजत असेल, तर आजच उघडून बघा, त्याला तेलाचा हात द्या. उद्यापर्यंत बोल्ट गंजतात. आणि हरवलेल्या गोष्टीसाठी कोणी गार पाण्यात उतरलेच, तर काठावरून सापडली का म्हणून विचारू नका. आधी त्याला वर बोलवा. ऐकू गेले नाही, तर दोर ओढा.